खरेदीसाहेबांची पेटी रिकामी झाली तेव्हा

आमच्या भाऊजींकडे, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांकडे, लोकांनी आयुष्यभर एकच गोष्ट मागितली: जागा. आणि भाऊजींनी ती कधी कुणाला दिली नाही. बसमध्ये ते धडधाकट माणसालाही उठून जागा देतात, तो भाग वेगळा. मी बोलते आहे ती ईमेलच्या पेटीतली जागा.

आम्ही दोघंही वजनकाट्यांच्या एकाच कारखान्यात आहोत. मी तक्रार विभागात, म्हणजे ज्यांचा काटा चुकतो ते माझ्यावर ओरडतात आणि मी ते ओरडणं सभ्य भाषेत टाइप करून पुढे ढकलते. भाऊजी तळमजल्यावर, सर्व्हरच्या खोलीत. ती खोली इतकी गार की ते बारा महिने स्वेटरमध्ये असतात, आणि तिथे यंत्रं इतकी घोंगावतात की घरी जेवतानाही ते पाणी मागतात तेव्हा शेजारी दचकतात. प्रत्येक ईमेल सर्व्हरवर ‘पोस्टमास्टर’ नावाचा एक पत्ता ठेवावा लागतो, काही बिघडलं तर तिथे गाऱ्हाणं घालता यावं म्हणून. तो पत्ता भाऊजींकडे, म्हणून अख्खा कारखाना त्यांना पोस्टमास्तर म्हणतो. आमच्या सासूबाईसुद्धा रागावल्या की म्हणतात, “या पोस्टमास्तर, गिळायला!”

तर प्रत्येकाच्या पेटीला ठरावीक जागा असते, तिला म्हणायचं कोटा. पेटी भरत आली की एक गोड सूचना जाते, मग एक कडक सूचना जाते, आणि काठोकाठ भरली की दार बंद. येणारी पत्रं आल्या पावली परत. मग तो माणूस धावत भाऊजींच्या खोलीत येतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी. भाऊजींना कुणी गाढव म्हटलेलं मला चालणार नाही, पण पाय मात्र धरतात.

भाऊजी कोटा वाढवत नाहीत. त्यांच्या खोलीत एक उंच स्टूल आहे. त्यावर बसायचं, आपली पेटी उघडायची, सगळ्यांत जड पत्र वर आणायचं आणि ते का हवं आहे ते मोठ्यानं सांगायचं. सांगता आलं नाही तर पुसायचं. या स्टुलावर भल्याभल्यांची भंबेरी उडाली आहे. रंगकामाच्या फोरमनकडे एकाच झोपलेल्या मांजराचे शेकडो फोटो निघाले, आणि तो म्हणाला, “साहेब, प्रत्येकात झोप वेगळी आहे.” मोठ्या साहेबांनी स्वतःच्याच भाषणाच्या ढीगभर प्रती पुसल्या आणि खाली उतरताना म्हणाले, हलकं वाटतंय. लोक रडवेले होऊन आत जातात आणि हसत बाहेर येतात. दवाखाना काढला असता तर भाऊजी गडगंज झाले असते.

या सगळ्यात एकच माणूस असा होता की ज्याच्यापुढे भाऊजींनी हात टेकले होते. ते म्हणजे खरेदीसाहेब. कारखान्याला लागणारं लोखंड, काच, स्प्रिंगा, खिळे, सगळं हे विकत घेणार. तरुणपणी कधीतरी कुणीतरी “मी असं म्हणालोच नव्हतो” म्हणून यांना तोंडघशी पाडलं होतं, तेव्हापासून त्यांनी एकही पत्र पुसलेलं नाही. चहा घेणार का, एवढंच विचारणारं पत्रसुद्धा पुरावा म्हणून ठेवलेलं. त्यांची पेटी सदा तुडुंब. अगदीच गळ्याशी आलं की मोठ्या जिवावर येऊन चार पुसायचे, तोवर पाच येऊन उभी. भाऊजी त्यांच्या कानीकपाळी ओरडून थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

आता खरी गोष्ट. आणि तिला जबाबदार मी आहे, हे मी छाती फुगवून सांगते.

पेटी भरलेली असली की पत्र पाठवणाऱ्याला सर्व्हर आपोआप एक मजकूर पाठवतो: तुमचं पत्र पोहोचलं नाही. हा मजकूर आमच्याकडे यंत्राबरोबर आला तसाच होता, इंग्रजी आणि आकड्यांनी बरबटलेला. खरेदीसाहेबांना माल विकणारे बिचारे तो वाचून घाबरायचे आणि फोन कुणाला? तर तक्रार विभागाला, म्हणजे मला. “बाई, तुमच्या कंपनीनं मला काळ्या यादीत टाकलं का?” असं एकानं रडत विचारलं तेव्हा मी तडक तळमजल्यावर गेले आणि म्हटलं, “भाऊजी, हा मजकूर माणसाला कळेल असा लिहा. मराठीत. आपल्या तोंडून निघेल तसा.”

भाऊजींनी दिवसभर पेन्सिल चावून लिहिलं: “आपले पत्र पोहोचविता आले नाही. पेटी भरली आहे. तसदीबद्दल क्षमस्व.” मी म्हटलं, शाब्बास, निदान मराठी तरी आहे.

दुसऱ्याच दिवशी पोस्टमास्टरच्या पत्त्यावर उत्तर आलं. स्प्रिंगा बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यातल्या बाईंचं. काट्याच्या आत जी स्प्रिंग असते ती आम्ही त्यांच्याकडून घेतो. बाईंनी लिहिलं होतं: “पेटी भरली आहे हे समजलं. रिकामी कधी होणार ते लिहिलं नाहीत. मी स्प्रिंगा विकते, पण स्वतः स्प्रिंगेवर बसलेली आहे. धीर नाही.”

भाऊजी ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. “वहिनी, याला काय उत्तर द्यायचं?”

“द्या की साधं. नमस्कार, अमुक अमुक.”

“छे! पोस्टमास्टरच्या पत्त्यावरून कुणाला खासगी पत्र लिहायचं नसतं. नियम आहे.”

“कुणाचा?”

“माझाच.”

तर या नियमाच्या पुतळ्यानं काय करावं? मजकूरच बदलला. म्हणजे पेटी भरली की जगातल्या सगळ्यांना जो जातो, तो मजकूर! नवा मजकूर असा: “आपले पत्र पोहोचले नाही. पेटी कधी रिकामी होईल हे सांगणे कठीण. पेटीच्या मालकांना रोज आठवण केली जाते. ते रोज हो म्हणतात.”

बाईंनी खरेदीसाहेबांना पुन्हा पत्र पाठवलं, ते परत गेलं, त्यांनी नवा मजकूर वाचला आणि लगेच पोस्टमास्टरला लिहिलं: “आमच्याकडेही असे एक आहेत. माझे मोठे बंधू. त्यांना रोज पंखा पुसायला सांगते.” भाऊजींनी मजकूर बदलला: “मोठ्या भावांबद्दल आम्ही काही बोलू शकत नाही. आमचेही तसेच आहेत.” ही टीका माझ्या नवऱ्यावर होती, आणि बरोबर होती.

असं सुरू झालं. एका मजकुरात तर भाऊजींचा बारमाही स्वेटरही येऊन गेला. बाई स्प्रिंगांच्या ऑर्डरी खरेदीसाहेबांच्या मदतनिसाकडून फोनवर घ्यायच्या. कामाचं काही अडत नव्हतं. तरी दर दोन-तीन दिवसांनी त्या खरेदीसाहेबांच्या गच्च पेटीवर एक पत्र नेऊन आपटायच्या, सोबत स्प्रिंगेचं एखादं भलंमोठं ड्रॉइंग, म्हणजे पत्र कामाचं दिसावं. आणि मग परत येणारा मजकूर वाचायच्या. भाऊजी रोज सकाळी स्वेटरच्या बाह्या सरसावून नवा मजकूर लिहायचे. ज्या माणसाला बाईमाणूस समोर आलं की “बरं” याच्यापुढे शब्द सुचत नाही, तो माणूस! चाळिशी आली, लग्नाचा विषय काढला की हा उठून सर्व्हर बघायला जायचा. आणि आता हा आरशात बघून भांग पाडत होता. ईमेलसाठी!

घोटाळा असा की मजकूर सगळ्यांनाच जात होता. एकदा बाईंनी लिहिलं की आईचा गुडघा फार दुखतोय, कालपासून जिना उतरलेली नाही. झालं. दुसऱ्या दिवशी खरेदीसाहेबांना लिहिणाऱ्या प्रत्येकाला उत्तर गेलं: “आपले पत्र पोहोचले नाही. आईंचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना आधी दुखरा पाय खाली टाकावा.”

माझा फोन दिवसभर खणखणत होता. काच पुरवणारे म्हणाले, “तुमच्या कॉम्प्युटरला माझ्या आईची चौकशी कशाला?” लोखंडवाल्यांनी विचारलं, चढताना कुठला पाय. आणि खिळ्यांचे एक म्हातारे व्यापारी, ज्यांचा आवाज मी आजवर फक्त चढलेलाच ऐकला होता, ते हळूच म्हणाले, “आई जाऊन फार वर्षं झाली हो. पण तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.” मी त्यांना धन्यवाद म्हटलं आणि डोळे पुसले. हसून की रडून, मलाच कळलं नाही.

खाली जाऊन मी भाऊजींना झापलं. “अहो, सगळ्या गावाला गुडघा विचारताय!”

“विचारला तर बिघडलं काय? गुडघे सगळ्यांनाच असतात.” असं म्हणताना त्यांचे कान लाल झाले होते.

मी वर वर झापत होते, आतून मात्र नाचत होते. मला भाऊजींची काळजी वाटायची. खरंच वाटायची. दुसऱ्यांची अडगळ उपसण्यात ज्याचं आयुष्य चाललंय, त्याच्या स्वतःच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि भिंतीवर काही नाही. आता कुठे कुणीतरी दार ठोठावत होतं. पण सगळा डोलारा उभा होता तो एका खांबावर: खरेदीसाहेबांची पेटी भरलेली राहायला हवी होती. तिथे जागा झाली की बाईंचं पत्र सरळ आत जाणार, परत काहीच येणार नाही, आणि भाऊजींना लिहायला निमित्त उरणार नाही. बाईंकडेही तक्रार करायला काही उरणार नाही. मी जाता-येता खरेदीसाहेबांना म्हणायला लागले, “काही पुसू नका हं, पुरावा लागतो.” ते खूश व्हायचे. म्हणायचे, या कारखान्यात अक्कल असलेली एकटी तूच.

आणि मग खरेदीसाहेबांना नात झाली.

लेकीनं बाळाचे फोटो पाठवले, ढिगानं, ऑफिसच्याच पत्त्यावर, कारण साहेबांना दुसरा पत्ता ठाऊकच नाही. पेटी भरलेली. सगळे फोटो परत. आणि लेकीला मजकूर काय गेला, तर “आपले पत्र पोहोचले नाही. आम्हाला त्याचे तितके वाईट वाटत नाही, हे खरे सांगावे की नाही?” हा अर्थातच स्प्रिंगबाईंसाठी होता. लेकीनं बापाला फोन करून असा काही उद्धार केला की त्याचा आवाज जिन्यापर्यंत आला.

खरेदीसाहेब त्या दुपारी दार लावून बसले. त्यांनी काही वाचलं नाही, काही निवडलं नाही. सगळी पत्रं एकदम धरली आणि पुसली. चहाचे पुरावे, लोखंडाचे पुरावे, ज्यानं तोंडघशी पाडलं त्याचे पुरावे, सगळे गेले. संध्याकाळी मिठाईचा डबा घेऊन ते स्वतः तळमजल्यावर आले. मागून वरात आल्यासारखे सगळे विभाग. “पोस्टमास्तर, जिंकलात! बघा, पेटी कशी लख्ख झाली!” टाळ्या पडल्या. मोठ्या साहेबांनी भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. रंगकामाच्या फोरमननं शिटी वाजवली.

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तोंडात कोंबलेली मिठाई गिळता येईना, थुंकता येईना. “अभिनंदन,” ते कसेबसे म्हणाले, “पण इतकी घाई काय होती?”

त्यानंतरचे दिवस मी शत्रूवरही आणणार नाही. बाईंचं पत्र आलं आणि निमूटपणे खरेदीसाहेबांच्या पेटीत जाऊन बसलं. मग आणखी एक, तेही छोटंसं, ड्रॉइंग नसलेलं. मग काही नाही. भाऊजी रोज सकाळी बाह्या सरसावून बसायचे आणि मजकुराकडे बघत राहायचे.

मी स्वस्थ बसणारी नव्हे. खरेदीसाहेबांची पेटी पुन्हा भरायचा मी चंग बांधला. मोडक्या काट्यांचे सगळे फोटो मी त्यांना पाठवत सुटले, माहितीसाठी म्हणून. पण नवा बाटगा जोरात बांग देतो म्हणतात तसं झालं. साहेब आता पत्र आलं की वाचायच्या आधी पुसत. “बघ, कशी टिकवली आहे!” असं म्हणून मलाच रिकामी पेटी दाखवत.

शेवटी मी भाऊजींना म्हटलं, “त्यांचा कोटा थोडा कमी करा ना. एक आकडा बदलायचा. कुणाला कळतंय?”

त्यांनी तो आकडा उघडलासुद्धा. बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग उचललं. “नाही वहिनी. त्या पेटीत आता बाळाचे फोटो येतात.”

मला इतका राग आला, आणि इतका अभिमान वाटला, की मी त्यांचा स्वेटर धरून त्यांना गदागदा हलवलं. “मग स्वतः लिहा! तुमच्या नावाच्या पत्त्यावरून! निमित्त कशाला हवं?”

“वहिनी, मला फक्त नाही कसं कळवायचं ते येतं. हो कसं विचारायचं ते नाही येत.”

“गुडघा विचारता येतो ना? तो विचारा.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या स्टुलावर बसून राहिले आणि हलले नाही. माझ्या धाकानं त्यांनी लिहिलं. एकच ओळ: “आईंचा गुडघा कसा आहे? मी पोस्टमास्तर.” डोळे मिटून पाठवलं.

क्षणात उत्तर. मी टाळी वाजवली. भाऊजींनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. उत्तर बाईंचं नव्हतं. ते स्प्रिंगांच्या कारखान्याच्या सर्व्हरचं होतं, इंग्रजी आणि आकड्यांनी बरबटलेलं. बाईंची पेटी भरली आहे. पत्र परत.

आता हे रडतात असं वाटलं. आणि हा माणूस हसायला लागला. असा हसला की चष्मा पडला.

“वहिनी, पत्र परत जातं ना, तेव्हा आमचा मजकूर एकटा जात नाही. पाठवलेलं पत्रही त्याच्याबरोबर माघारी जातं. ड्रॉइंगसकट! केवढाली ड्रॉइंग्ज होती ती! एकेक पुसलं असतं तर पेटी कधीच भरली नसती. त्यांनी...” त्यांनी वाकून चष्मा उचलला.

“पुसलं नाही? एकही?” मी विचारलं.

“माझा अंदाज आहे.” आणि एकदम ते गंभीर झाले. “दुसऱ्या कशानंही भरली असेल. मांजरांचे फोटो असतील. माहीत कसं करणार?”

“जाऊन,” मी म्हटलं आणि माझी पर्स उचलली.

दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि भाऊजी स्वेटरमध्ये. काढा म्हटलं तर म्हणाले, आतला शर्ट चुरगळलेला आहे. बसमध्ये त्यांनी सगळ्या म्हाताऱ्यांना जागा दिली आणि ज्या म्हातारीला आमच्याच स्टॉपवर उतरायचं होतं, तिला आधी कुठला पाय खाली टाकायचा ते सांगितलं.

स्प्रिंगांचा कारखाना म्हणजे खाली एक लांबट शेड, तारेची भेंडोळी, तेलाचा वास, आणि वर लोखंडी जिन्यानं गेलं की एक खोली. सगळीकडे ट्रेमध्ये स्प्रिंगा, तांदळाएवढ्या लहान ते माझ्या दंडाएवढ्या जाड. टेबलामागे एक ठेंगणी, चष्मा कपाळावर चढवलेली बाई फोनवर कडाडून भांडत होती.

“नाही म्हणजे नाही! तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करता ना, मग कॉम्प्युटर दुरुस्त करा. माझ्या पेटीतलं काय काढायचं ते मी ठरवीन. बंद पडली तर पडू दे. गिऱ्हाइकांनी फोन करावा, बंधू आहेत की घ्यायला! हो, तीच पत्रं जड आहेत, माहीत आहे मला. त्यांना हात लावलात तर बघा!”

फोन आपटून त्यांनी वर बघितलं. मी दिरांना कोपरानं ढोसलं. दीर दारात उभे, घामानं निथळत, एक हात कठड्यावर.

“बरं,” भाऊजी म्हणाले.

एवढंच! मी कपाळावर हात मारून घेतला. पण बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि स्वेटरकडे पाहिलं, मग त्यांच्या लाल कानांकडे.

“पोस्टमास्तर?”

भाऊजींनी मान हलवली. मग त्यांना कुठूनसा धीर आला. “आज मी तुम्हाला एक पत्र पाठवलं होतं,” ते म्हणाले, “साधंच. ते परत आलं.”

“अगंबाई!” बाई मटकन खाली बसल्या. टेबलावरचा ट्रे कलंडला आणि बारीक स्प्रिंगा टणाटण उड्या मारत खोलीभर झाल्या. कुणी वेचायला वाकलं नाही. बाई आधी हसल्या, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुमचं परत आलं, आणि माझं त्या दिवशी पोहोचलं,” त्या म्हणाल्या. “सरळ आत गेलं हो. दिवसभर वाट बघितली, परत काही आलंच नाही. त्या रात्री मला घास उतरला नाही.”